दात नसलेल्यांची मेजवानी

"रविवारी तू खालीच थांबलीस तर बरं होईल, ताई," धाकटा भाऊ जेवता जेवता म्हणाला.

ताईच्या ताटात मऊ भात आणि घोटलेली भाजी होती. भावाच्या आणि भावजयीच्या ताटातही तेच होतं, फक्त घोटलेलं नव्हतं. ताईनं चमचा खाली ठेवला.

"का?"

"तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. गच्चीवर सगळं भाजलेलं, कुरकुरीत असणार. तुला चावता येणार नाही. मग लोक विचारणार, आणि तुला अवघड होणार."

"मला की तुला?"

तो घोट घोट पाणी प्यायला. "दोघांना," शेवटी म्हणाला.

ताईला दातओठ खावेसे वाटले, पण त्यातले दात नव्हते. हिरड्या सुजून दात खिळखिळे झाले म्हणून डॉक्टरांनी हिवाळ्यात सगळे काढले होते, वरचे आणि खालचे. कवळी करून झाली होती, पण ती तोंडात घातली की बुटात खडा गेल्यासारखी टोचायची. हिरड्या बसायला वेळ लागतो, डॉक्टर म्हणाले, उन्हाळा जाऊ द्या. तोवर ताईचं पार बोळकं झालं होतं, आणि वय पन्नाशीच्या जरासं पुढे. 'दात' हा शब्ददेखील दातांशिवाय धड उच्चारता येत नाही, हे तिला दात गेल्यावर कळलं.

घर आईवडिलांचं, दोघा भावंडांच्या नावावर. रस्त्याकडच्या खोलीत ताईचं शिवणाचं दुकान, मागे राहायच्या खोल्या, वर गच्ची. शिवणयंत्रातल्या बॉबिनसारखी काटकुळी आणि सतत फिरती म्हणून गिऱ्हाइकं तिला बॉबिनताई म्हणत. दात गेल्यापासून बॉबिनताई तोंडाला मास्क लावून दुकानात बसायची. उरलेल्या कापडातून तिनं प्रत्येक ड्रेसवर जाणारा एकेक मास्क शिवला होता. गिऱ्हाइकांना वाटायचं, हौस आहे. दोरा दातानं तोडायची सवय मात्र जात नव्हती. दिवसातून कितीदा तरी ती दोरा ओठांपर्यंत न्यायची आणि मग कात्री शोधत बसायची.

धाकटा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत होता. शाखेचा प्रमुख कोण होणार ते लवकरच ठरणार होतं, म्हणून त्यानं उन्हाळी पार्टीला साहेबांना, त्यांच्या बायकोला आणि हाताखालच्या चार माणसांना बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक मुलगी पँट आखूड करायला आली. मोठ्या हॉटेलात दारूच्या काउंटरवर काम करायची, नेहमीची होती. ताई तिच्या पायाशी बसून टाचण्या लावत होती. पूर्वी त्या टाचण्या ओठांत धरलेल्या असायच्या, आता मनगटाला उशी बांधली होती.

"ताई, एक विचारू? या उकाड्यात मास्क कशाला?"

ताईनं काहीतरी थाप मारायची ठरवली होती, पण कालचं बोलणं अजून डोक्यात होतं. तिनं मास्क हनुवटीवर ओढला आणि तोंड उघडून दाखवलं.

मुलीनं बघितलं. "सगळे?"

"सगळे. आणि रविवारी माझ्याच गच्चीवर पार्टी आहे, तिचं मला आवतण नाही. चावायला येत नाही म्हणून."

"मग चावायचं नाहीच असं काहीतरी करा ना," मुलगी म्हणाली. "आमच्याकडे उन्हाळ्यात जेली शॉट जातात. छोट्या प्लास्टिकच्या वाट्या, त्यात दारू घातलेली जेली, रंगांचे थर. ती खायची एक पद्धत आहे. जिभेनं कडेकडेनं सोडवायची आणि एका दमात ओढायची. लोकांना जमत नाही. मध्ये दात येतात, लचका तुटतो, थर फुटतात आणि हनुवटीवर ओघळ."

"दात मध्ये येतात," ताई म्हणाली.

"प्रत्येकाचे."

पँटच्या दोन्ही पायांना टाचण्या लावून होईपर्यंत ताईनं तिच्याकडून सगळी कृती काढून घेतली. जिलेटीनची पावडर आधी गार पाण्यात फुगवायची, मग उकळत्या पाण्यात विरघळवायची. दारू गॅसवर असताना घालायची नाही, उडून जाते. खाली उतरवून, जरा निवल्यावर. एक थर गोठला की त्यावर दुसरा, पण दुसरा कोमट हवा, गरम नको. ताजा अननस घातला तर जन्मात गोठत नाही. पँट शिवल्याचे पैसे ताईनं घेतले नाहीत. मुलीनं दमदाटी करून दिले.

पहिला घाणा वाया गेला. ताईनं लाल थर गोठवला आणि धीर न धरता त्यावर पांढरा कढत कढत ओतला. खालचा वितळला, दोन्ही मिसळले आणि वाट्यांत गुलाबी चिखल झाला. भावजय स्वयंपाकघरात आली तेव्हा ताई तो चिखल चमच्यानं खात उभी होती.

"काय आहे हे?"

"दारू," ताई म्हणाली. "खाऊन बघ."

भावजयीनं खाल्लं. आणखी एक चमचा खाल्ला. मग ताईनं तिला सगळं सांगितलं, रविवारचा बेतसुद्धा. भावजय शाळेत गणित शिकवायची आणि नवऱ्यावर तिचा जीव होता. ती ओट्याला टेकली.

"त्याला आवडणार नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"साहेबांसमोर त्याची फजिती झाली तर तो मलाही जबाबदार धरेल."

"म्हणून तुला यात घेत नाहीये. तू फक्त मध्ये पडू नकोस."

भावजयीनं चमचा चाटून पुसून सिंकमध्ये टाकला. "ताई, तुम्ही थर ओतताय कसा? वरून धार सोडताय ना? म्हणून खालच्याला खड्डा पडतो. चमचा पालथा धरा आणि त्याच्या पाठीवरून सोडा." आणि तिनं बाह्या वर केल्या.

शनिवारी सकाळपासून दोघी लागल्या. तळाला लाल, चेरीचा. त्यावर कंडेन्स्ड मिल्कचा पांढरा, मग नारिंगी, पुन्हा पांढरा, आणि माथ्यावर लिंबाचा फिकट हिरवा. गोष्ट चिकाटीची होती. खालचा थर बोटाला चिकटेल पण बोट आत जाणार नाही, इतपतच गोठायला हवा. जास्त गोठला तर वरचा त्याला धरत नाही, निसटतो. ताईला हे पटकन उमगलं. अस्तर आणि कापड एकमेकांना धरून राहावं लागतं, नाहीतर झगा कितीही उंची असला तरी अंगावर लोंबतो. ती दर खेपेला करंगळीनं टोचून बघायची आणि म्हणायची, "आण."

फ्रीज मात्र धाकट्यानं आधीच काबीज केला होता. मसाला चोळलेलं मटण, बिअरच्या बाटल्या. ताईनं मटणाला हात लावला नाही. बाटल्या मात्र एकेक करून बाहेर काढल्या, न्हाणीघरात टबात ठेवल्या आणि रिकाम्या कप्प्यांत आपले ट्रे सरकवले.

संध्याकाळी धाकटा आला आणि त्यानं फ्रीज उघडला.

"हे काय?"

"पार्टीचं," ताई म्हणाली.

"आणि माझी बिअर?"

"आंघोळीला गेलीय. उद्या बर्फ आणून टाक तिच्यावर."

त्यानं भावजयीकडे बघितलं. ती भांडी विसळत होती, वळली नाही.

"ताई, मी तुला म्हटलं होतं..."

"म्हटलं होतंस. ऐकलं. कान आहेत अजून."

"साहेब येणार आहेत. एकदाच येणार आहेत. माझं सगळं त्यावर आहे. तुला ट्रे पाठवायचा तर पाठव, हिच्या हाती दे. पण तू वर येऊन सगळ्यांसमोर उगाच दात काढत बसू नकोस."

शब्द तोंडातून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याचे कान लाल झाले. भावजयीनं नळ बंद केला.

"काढलेत," ताई म्हणाली. "हिवाळ्यातच. आता पुन्हा पुन्हा कसे काढू?"

कुणी हसलं नाही. धाकटा फ्रीजचं दार धरून उभा होता आणि आतला गारवा खोलीभर पसरत होता.

"दार लाव," ताई म्हणाली. "थर बसायचेत माझे."

रविवारी उन्हं कलल्यावर पाहुणे आले. गच्चीवर चादरीचं छत बांधलं होतं, कोपऱ्यात शेगडीवर मटण भाजत होतं. ताई खाली आरशासमोर उभी होती. तिनं स्वतः शिवलेला पिवळा ड्रेस घातला. त्याच्यावरचा पिवळा मास्क हातात घेतला, तोंडाशी नेला, आणि तिला वाटलं, आजच्या दिवस घालावा, काय बिघडतं. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांची अंगं बघून तिला एक माहीत होतं, की माणसं आधी तेच झाकायला सांगतात ज्याच्याकडे दुसऱ्या कुणाचं लक्षही नसतं. पण हे तसं नव्हतं. तोंडाकडे लक्ष जाणारच होतं.

"जाऊ दे की मग," ती आरशाला म्हणाली आणि मास्क गादीवर टाकून ट्रे उचलला.

ती गच्चीच्या दारात आली तसं बोलणं जरा मंदावलं. धाकटा लगबगीनं पुढे आला.

"ही माझी ताई. हिला सध्या जरा बरं नाही."

"मी ठणठणीत आहे," ताई म्हणाली. "दात नाहीत, एवढंच."

साहेबांची बायको ताईच्या खांद्याकडे बघत "छान ड्रेस आहे" म्हणाली. एक माणूस विनाकारण शेगडीजवळ जाऊन मटण उलटू लागला. ताईनं ट्रे टेबलावर ठेवला. वाट्यांतून पाची थर उन्हात लख्ख दिसत होते, एकाचीही रेघ हललेली नव्हती.

"हे मी केलंय. यात दारू आहे, तेव्हा ज्याला चालत नाही त्यानं घेऊ नये. बाकीच्यांसाठी नियम एकच. चावायचं नाही. जिभेनं कड सोडवायची आणि सगळं एकदम ओढायचं. दात लागला की बाद."

"म्हणजे स्पर्धा?" साहेबांनी विचारलं. ते स्थूल, घामानं डबडबलेले गृहस्थ होते, आल्यापासून फारसं बोलले नव्हते.

"तुम्ही म्हणाल तर स्पर्धा."

साहेबांनी वाटी उचलली, जीभ फिरवली, ओढलं. निम्मी जेली तोंडात गेली, निम्मी शर्टवर. धाकट्यानं डोळे मिटले. साहेबांनी शर्टवरचा नारिंगी तुकडा बोटानं उचलून खाल्ला आणि दुसरी वाटी घेतली. मग बाकीचेही पुढे आले. कुणी लचका तोडला, कुणाची जीभच पोचेना, एकाच्या वाटीचा तळ फुटला. साहेबांची बायको तीनदा बाद झाली आणि चौथ्यांदा हट्टाला पेटली.

"तुम्ही दाखवा बघू," ती म्हणाली. आता ती ताईच्या तोंडाकडेच बघत होती.

ताईनं वाटी उचलली. एक फेरा जिभेचा, ओठ कडेला टेकवले, आणि जेली अख्खी आत गेली. तिनं तोंड उघडून दाखवलं. तिच्या जिभेवर लाल, पांढरा, नारिंगी, पांढरा, हिरवा, सगळे जसेच्या तसे होते.

"हे अन्यायाचं आहे," साहेब म्हणाले. "यांना अडवायला आत कुणीच नाही."

ताई हसली. गिळायच्या आत हसली, म्हणून ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. हिवाळ्यापासून ती ओठ मिटून, गालातल्या गालात हसत आली होती. आता तोंड पसरून, हिरड्या दाखवत, पोट धरून हसली. भावजयही हसली आणि तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो चिमटा हातात घेऊन शेगडीशी उभा होता. त्याचं मटण करपलं होतं.

पुढे काय झालं ते सांगायला हवं. शाखेची जागा धाकट्याला मिळाली नाही. ती दुसऱ्या गावाहून आलेल्या एका बाईला मिळाली. त्या बाईनं जेली खाल्ली नव्हती आणि ती त्या गच्चीवर आलीही नव्हती. तरी धाकटा घुम्यासारखा घरात वावरत राहिला. ताईशी बोलेना. ताईनंही समजूत घातली नाही. ती मास्कशिवाय दुकानात बसू लागली. काही गिऱ्हाइकं दचकली, एक-दोन फिरकली नाहीत.

एका दुपारी तो दुकानात आला आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला.

"तुझ्यामुळे गेली नाही जागा," तो म्हणाला. "मला ते माहीत होतं. तरी तुझ्यावर राग धरला, सोपं होतं म्हणून."

ताई शिवत राहिली.

"आणि मला लाज वाटली होती. तुझीच. खोटं कशाला बोलू?"

"आता?"

"अजून थोडी वाटते."

ताईनं मशीन थांबवलं. "वाटू दे. ती तुझी आहे, तू सांभाळ. मी तुझी लाज झाकायला खाली बसणार नाही. आज नाही, कवळी बसल्यावरही नाही."

तो काही बोलणार होता, तेवढ्यात दारात एक नवीन बाई आली, हातात निळं कापड. तिनं ताईच्या तोंडाकडे बघितलं, नजर चोरली आणि धाकट्याला विचारलं, "शिवणारे कोण आहेत?"

"हिला जरा..." धाकट्यानं सुरुवात केली. मग थांबला आणि स्टुलावरून उठला. "ही माझी ताई. हीच शिवते. बसा."

ताईनं टेप गळ्यात टाकला आणि बाईला हात वर करायला सांगितले.