पहिलं नाव

इनासने खुर्ची ओढून ज्येष्ठ संपादक उस्ताज फहमींच्या मागे ठेवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. हात मोकळे राहिले असते तर ते आपोआप कळफलकाकडे गेले असते.

"मी इथे नाहीच असं समजा," ती म्हणाली. "पुस्तिका उघडा आणि तिच्यात लिहिलंय तेवढंच करा."

"तेवढंच तर करत आलोय," उस्ताज म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

अलेक्झांड्रियातल्या त्या कार्यालयात चौदा संपादक एकाच शब्दकोशावर काम करत होते. वर्षापूर्वी चिठ्ठ्यांची कपाटं गेली आणि व्हर्जन कंट्रोल आलं. प्रत्येकाने आपापल्या कच्च्या प्रतीत काम करायचं, झालं की ते सगळ्यांच्या पक्क्या प्रतीवर चढवायचं, आणि कोणती ओळ कुणी कधी बदलली याचा हिशेब यंत्राने ठेवायचा. ऐकायला काय, सोपंच होतं. पण ते शिकवणारी पुस्तिका कार्यालयाच्या संगणक अभियंत्याने, बाशमुहंदिस बासिमने, लिहिली होती. तिला साठ पानं होती आणि ती वाचून फक्त बासिमलाच कळण्यासारखी होती. काम नोंदवण्यासाठी, म्हणजे इंग्रजी 'कमिट'साठी, त्याने जो अरबी शब्द योजला होता, तो माणसं गुन्ह्यांसाठीच वापरतात. कोशाच्या लोकांना एवढं निमित्त पुरेसं होतं. महिनाभर सगळे एकमेकांना विचारत होते, आज किती गुन्हे केलेस?

मग ते काम इनासकडे आलं. सोपी कर, एवढंच तिला सांगण्यात आलं होतं. सात महिन्यांत तिने पुस्तिका नऊ वेळा लिहिली आणि साठ पानांची बारा केली. बासिम म्हणायचा की तिने अचूकपणाचा गळा घोटला. संपादक काहीच म्हणत नसत, कारण ते वाचतच नसत. अडलं की जागेवरूनच बासिमला हाक मारायची, तो यायचा, काहीतरी दाबायचा आणि जायचा. पालथ्या घड्यावर पाणी कसं असतं ते इनासला या सात महिन्यांत कळलं होतं. कधीकधी तिला वाटे, बारा पानांत नुसत्या न्याहारीच्या बाकल्याच्या उसळीच्या पाककृती छापल्या असत्या तरी कुणाला पत्ता लागला नसता.

पुस्तिका वाचणारा माणूस सबंध कार्यालयात एकच होता, उस्ताज फहमी. आणि काम बुडालं तेही त्यांचंच, दोन महिन्यांत तीनदा. कोशातलं क़ाफ हे अक्षर त्यांच्याकडे होतं. दिवसभराचं नवं काम चढवायला जावं आणि तिथे जुनंच येऊन बसावं, असं तिन्ही वेळा झालं. बासिमने आदल्या दिवसापर्यंतचं परत आणून दिलं, पण त्या त्या दिवसाचं गेलं ते गेलंच. शिवाय हसू झालं ते वेगळं. काल कार्यालयाच्या प्रमुख मदाम नाहिदनी त्यांना खोलीत बोलावून सांगितलं की रविवारपासून क़ाफ दुसऱ्या कुणाकडे जाईल आणि उस्ताज खालच्या मजल्यावर छापील पानं तपासतील.

ते एका शब्दानेही भांडले नाहीत. एका नुक्त्यासाठी तासभर भांडणारा हा माणूस "बरं, मदाम" म्हणून बाहेर आला आणि टेबल आवरायला लागला. इनासला त्यांचा रागच आला. तिने नाहिदकडे जाऊन एक दिवस मागून घेतला. आपली पुस्तिका इतकी सोपी असताना हा शहाणा माणूस अडतो तरी कुठे, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. खरं सांगायचं तर पुस्तिकेत काही दोष नाही हेच तिला सिद्ध करायचं होतं.

उस्ताजांनी सातवं पान उघडलं. पानाच्या मध्यावर चौकटीत एक ओळ होती: डावीकडे यंत्राला द्यायचा इंग्रजी हुकूम, त्याच्या उजवीकडे 'कच्चं' आणि त्याच्याही उजवीकडे 'पक्कं', ही दोन नावं अरबीत. खाली स्पष्टीकरण होतं. पहिलं नाव म्हणजे जिथून घ्यायचं ते, दुसरं म्हणजे ज्याच्यावर चढवायचं ते.

त्यांनी स्पष्टीकरण दोनदा वाचलं. मग बोट चौकटीवर ठेवलं. ते बोट जन्मभर जिथून वाचायला सुरुवात करत आलं होतं तिथेच पडलं, ओळीच्या उजव्या टोकाला. 'पक्कं'वर.

"पहिलं," ते पुटपुटले. बोट डावीकडे सरकलं. "दुसरं."

त्यांनी हुकूम लिहिला, पुढे आधी 'पक्कं' लिहिलं, मग 'कच्चं', आणि बटण दाबायच्या आधी ओळ पुन्हा पुस्तिकेशी ताडून पाहिली. पडद्यावर अरबी नावं उजवीकडून डावीकडे बसत, त्यामुळे ती हुबेहूब पुस्तिकेतल्यासारखीच दिसत होती.

"थांबा," इनास म्हणाली.

तिचे हात अजून मांड्यांखालीच होते, बधिर झालेले. घोडं कुठे पेंड खातंय ते आता तिला लख्ख दिसलं: या हुकमाने जुनं पक्कंच नव्या कच्च्यावर चढलं असतं. बासिमच्या साठ पानांत ही नावं इंग्रजीत होती, त्यामुळे सगळी ओळ माणूस डावीकडूनच वाचायचा. आठव्या वेळी लिहिताना, वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून, ती दोन नावं तिने अरबीत केली होती. ओळ मात्र यंत्राच्या चालीने डावीकडून उजवीकडे तशीच ठेवली. आणि खाली लिहिलं 'पहिलं'. पहिलं कुठून, हे लिहायचं तिला सुचलंच नाही. दिवसभर यंत्रासमोर बसणाऱ्या तिच्या डोळ्यांना तो प्रश्नच पडला नव्हता. आठवी आवृत्ती निघून दोन महिने झाले होते, आणि नववीतही ती ओळ तशीच राहिली होती.

ती उठून बासिमकडे गेली. त्याने ते पान पाहिलं, हसला, मग तिचं तोंड पाहून हसायचा थांबला.

"दोन मिनिटांचं काम आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "नावं पुन्हा इंग्रजीत कर आणि गप्प बस. कोण विचारतंय? तुझी नेमणूक अजून पक्की व्हायचीय, बाई."

"आणि उस्ताज?"

"त्यांना खालचं काम झेपेल. तसेही थकलेत."

चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर सुळीवर बसायला जागा चांगली आहे म्हणे. इनासला बासिमपेक्षा स्वतःची जास्त चीड आली, कारण 'दोन मिनिटांचं काम' ऐकून क्षणभर तिलाही बरं वाटलं होतं.

ती परत आली तेव्हा उस्ताज तसेच बसले होते, बोट चौकटीवर ठेवून. तिने खुर्ची त्यांच्या बाजूला घेतली आणि सगळं सांगितलं. ओळ डावीकडून होती, तुम्ही उजवीकडून वाचलीत, आणि अरबी वाचणारा कुणीही उजवीकडूनच वाचणार. तुम्ही तिन्ही वेळा पुस्तिकेत लिहिलंय तेच केलंत.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

तिने पुन्हा सांगितलं.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही, उस्ताज."

"माझे थोरले भाऊ असेच सुरू झाले होते," ते म्हणाले. "किल्ली उलटी लावायचे. शर्ट उलटा घालायचे. आम्ही हसायचो. शेवटी शेवटी मला ओळखत नव्हते." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पहिल्यांदा झालं तेव्हा मी कुणाला बोललो नाही. दुसऱ्यांदा झालं तेव्हा लेकीला सांगितलं. तिने डॉक्टरांची वेळ घेतलीय, सोमवारची. काल रात्रीपासून तिचं जेवणाकडे लक्ष नाही."

इनास माफ करा म्हणाली, आणि ते फार थोडं वाटलं म्हणून मदाम नाहिदकडे आत्ताच जाते म्हणाली.

"नाहिदकडे जाशील. आधी मला लिहून दे."

"काय लिहू?"

"आत्ता बोललीस ते. लेकीला दाखवायचंय. तोंडी सांगितलं तर तिला वाटेल, बाबा मन राखायला बोलतायत."

तिने कोरा कागद घेतला. सात महिने वाक्यं सोपी करण्यात गेले होते, आणि आता एक वाक्य जमेना. शेवटी तिने लिहिलं: 'पुस्तिकेतील एका ओळीची मांडणी सदोष असल्याने उस्ताज फहमी यांचे काम तीन वेळा नष्ट झाले. त्यात त्यांची चूक नव्हती.' आणि कागद त्यांच्यापुढे केला.

उस्ताजांनी चष्मा लावला आणि एखादी नोंद तपासावी तसा तो वाचला. मग बोट पहिल्या वाक्यावर ठेवलं.

"मांडणी कुणी केली?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. हा प्रश्न ते गेली तीस वर्षं तरुण संपादकांना विचारत आले होते. "माझी लेक हेच विचारेल."

इनासने कागद परत घेतला, चुरगळला आणि दुसरा काढला. या वेळी तिने सुरुवात 'मी' या शब्दाने केली, उजवीकडून.