सावलीत आणलेलं बियाणं

"मुळाला रोग लागलाय." भावसिंगनं उपटलेलं सोयाबीनचं रोप धाकट्या भावापुढं धरलं. "बघ खेमा, नुसत्या गाठीच गाठी. म्हनलं व्हतं ना?"

खेमाची बायको जिवनबाई पदर पुढं ओढून बांधावर उभी होती. पुसेगावजवळच्या त्यांच्या तांड्यात थोरल्या दिराशी थेट बोलायची रीत नाही. वीस वर्षांत ती बोललीही नव्हती.

आणि गेल्या वर्षापासून बोलायला तोंड तरी कुठं होतं! तिनं हौसेनं जिवाणू खताचं पाकीट आणलं, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळलं आणि वाळत कुठं घातलं, तर घराच्या पत्र्यावर, भर उन्हात. हळद तिथंच, मिरची तिथंच, पापड तिथंच, मग बियाण्याचं काय वेगळं? पाकिटात जीव असतात, ते तापल्या पत्र्यावर पोळून मरतात, हे बाईला कुणी सांगितलंच नव्हतं. सोयाबीन पिवळं पडलं. तांडा पोट धरून हसला, त्याचं तिला फारसं वाटलं नाही. पण लग्न होऊन आल्यापासून बियाणं निवडायचं, राखायचं काम तिचं होतं. भावसिंगनं ते काढून घेतलं, पोती त्याच्या घरी गेली. तेव्हा मात्र ती ढसाढसा रडली.

यंदा तिनं कृषी सहायक पुनमला खोदून खोदून विचारलं आणि अर्धा एकर मागून घेतला. रान पिवळं पडलं, तर बियाण्याचं नाव पुन्हा काढायचं नाही, असं ठरलं. या खेपेला खत चोळलेलं बियाणं लिंबाखाली सुकलं. ऊन सरकेल तसं ती पोतं सरकवत बसली. युरियाचा दाणाही टाकला नाही. शेजारच्या रानात भावसिंगनं मात्र मूठ सैल सोडली होती.

आज पंचेचाळिसावा दिवस. रान हिरवंगार होतं, पण रोप हातात घेऊन त्या गाठी बघताच खेमाचा चेहरा उतरला.

जिवनबाईनं त्याच्याकडून रोप घेतलं आणि नखानं एक गाठ फोडली. आतून लालसर निघाली, बोटाला रंग लागला.

"सांगा तुमच्या भावाला," ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, "रोग न्हाई हा. त्या जीवायचं घर हाय. युरियाच्या गोणीत जे इकत मिळतंय, ते हवेत फुकट हाय. ते हवेतून घेऊन मुळाला देऊन राहिले. लाल हाय म्हंजे जित्ते हायेत. आता त्यायच्या रानातलं रोप उपटा म्हनावं."

भावसिंगनं तावातावानं आपलं रोप उपटलं. पानं हिरवी, पण मुळावर दोन-चारच गाठी, त्याही आतून पांढऱ्या. आयतं मिळाल्यावर मुळानं कशाला एवढा खटाटोप करावा? रोप बांधावर टाकून तो निघून गेला. जिवनबाईला आनंद मावेना. पदराआड तिनं खुशाल हसून घेतलं.

काढणीत तिचा अर्धा एकर भावसिंगच्या अर्ध्या एकरापेक्षा कमी भरला नाही. झाडं तिनं विळ्यानं कापायला लावली. मुळं मातीतच राहिली, कुजली की ते हरभऱ्याचं जेवण.

हरभऱ्याच्या पेरणीआधी एका दुपारी भावसिंग तांड्याच्या मधल्या वाटेनं चालत आला. खांद्यावर बियाण्याचं पोतं, आणि पोत्यावर त्यानं आपलं पागोटं सोडून पांघरलेलं. बोडक्या डोक्यानं, घामानं निथळत, साऱ्या तांड्यादेखत. ओट्यावर पोतं टेकवून तो पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलला.

"जिवन, हे तुझं काम. सावलीतच आनलंय बघ."

कोरड्या बियाण्याला उन्हाचं काही होत नाही, हे जिवनबाईला माहीत होतं. तिनं ते सांगितलं नाही. पागोटं उचललं, झटकलं, नीट घडी घातली आणि त्याच्यापुढं ओट्यावर ठेवलं.