बॅगेत न मावलेलं स्टूल

मी सामान तोलायचा काटा बोलतोय. वाण्याच्या दुकानात असतो तसला तागडीवाला नव्हे. मुठीत धरायचा एक दांडा, त्याला लोंबणारा पट्टा, पट्ट्याला हूक आणि दांड्यावर आकडे दाखवणारी एवढीशी काच, इतकाच माझा जीव. लोकांच्या दारामागे छत्री लटकते. आखातात नोकरी करणाऱ्यांच्या दारामागे मी लटकतो.

जन्म माझा चीनमधल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते सौदीतल्या जुबैलच्या बाजारातलं दुकान. चार्जर आणि नेलकटर यांच्या मधे मी टांगलेला होतो. हुसेनमियाँनी मला काढलं, दुकानातलीच साखरेची पिशवी हुकाला लावून बघितली, आकडा बरोबर निघाला तेव्हा कुठे खिशात हात घातला. माणूस मला तिथेच आवडला.

हुसेनमियाँ रत्नागिरीकडचे. रसायनांच्या प्लांटवर एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर. सकाळी कंपनीची बस खाली येऊन हॉर्न देते आणि हे दारात एका पायावर उभे राहून, कंबरेला हात लावत, जड सेफ्टी बूट चढवत असतात. घरात बायको अख्तरी आणि एकुलती एक मुलगी नूरैन.

माझ्या स्वभावाबद्दल सांगायचं तर मी सरळ आहे. बॅग कोणाची, ती कशासाठी भरली, याच्याशी मला कर्तव्य नाही. जेवढं वजन तेवढा आकडा. अट एकच, धरणाऱ्याचा हात स्थिर हवा. हात हलला की माझे आकडे नाचतात आणि लोक शिव्या मला घालतात.

आता इथल्या एका रीतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. इथून कोणी मुलुखाला निघालं की ती बातमी त्याच्या आधी बिल्डिंगभर फिरते. मग संध्याकाळपासून बेल वाजायला लागते. "हुसेनभाई, एवढंसं आहे हो, फार नाही." एवढंसं म्हणजे दुधाच्या पावडरीचे डबे, खजुराचे खोके, जाडजूड कंबल, कोणाच्या नातवाचे बूट. हुसेनमियाँनी आजवर कोणालाच नाही म्हटलं नव्हतं. त्यांचे स्वतःचे कपडे बाहेर निघायचे आणि लोकांचे डबे आत जायचे. मी खुंटीला लटकून हे किती वेळा पाहिलंय.

त्यामागे कारण होतं. वरच्या मजल्यावर विजयकुमार साहेब राहतात, नाशिकचे इंजिनियर. गावी हुसेनमियाँच्या आईला ऐकू येईनासं झालं होतं, तेव्हा लेकाने इथून कानाचं मशीन घेतलं, पण रजा मिळेना. विजयकुमार सुट्टीवर निघाले होते. त्यांनी ते मशीन नुसतं मुंबईपर्यंत नेलं नाही. एस.टी.नं थेट खाडीकाठच्या गावात जाऊन म्हातारीच्या कानात बसवलं आणि फोन लावून दिला. पुढच्याच वर्षी आई गेली. "त्यांच्यामुळे आईने माझा आवाज ऐकला," हे हुसेनमियाँ अजून सांगतात. असा माणूस पार्सलाला नाही कसं म्हणणार?

नूरैन बारावीत गेली आणि घराचा रंगच बदलला. इथे बारावीचं मूल एकटं बारावीत नसतं, आईबाप त्याच्या पुढच्या बाकावर बसलेले असतात. समुद्रकाठच्या बागेत सगळे पालक भेटायचे आणि विषय एकच. तुमच्या मुलाने कुठे कुठे भरलं? गल्फमधल्या मुलांच्या कोट्याचं काय? आपल्या पोरांना महाराष्ट्रात बाहेरचे समजतात हे खरं का? हुसेनमियाँ घरी येऊन ते सगळं अख्तरीला सांगायचे, मग दोघं मिळून घाबरायचे. अख्तरीने तर टीव्हीवरचा कपडाही काढला नाही वर्षभर.

नूरैनला वस्तू बनवायच्या होत्या. डिझाइन कॉलेजला जायचं होतं. हुसेनमियाँना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांनी विरोध केला नाही. उलट एका शुक्रवारी तिला गाडीत घालून हुफूफला नेलं, खजुरीच्या बागांमधून झावळ्यांचे सुकलेले दांडे मागून आणले. अख्तरी ओरडली, "अवो, घर हाय का वखार?" तरी तिनेच ते दांडे पुसून दिले. नूरैनने त्यांचं एक बुटकं स्टूल बनवलं. बैठकीला काथ्याची वीण. ते मोडायची, परत जोडायची. एकदा हुसेनमियाँ सोफ्यावर डुलकी काढत होते तेव्हा तिने त्यांच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत टेप लावला. ते मी दारामागून पाहिलं. त्यांना कळलंसुद्धा नाही.

मग महाराष्ट्रातल्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. मुलाखतीला स्वतः बनवलेली वस्तू आणा, शक्य नसल्यास फोटो चालतील. घरात ईद झाली. हुसेनमियाँनी जेमतेम आठवड्याची रजा मिळवली, एक्झिट री-एंट्रीचा, म्हणजे जाऊन परत येण्याचा, व्हिसा काढून घेतला, तिघांची तिकिटं झाली. आणि बेल वाजायला लागली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी हुकाला बॅगा घेऊन दमलो. पहिली बॅग जड. दुसरी बॅग जड. तिसरी नूरैनची, तिच्यात स्टूल, ती सगळ्यात जड, कारण स्टुलाच्या चारी बाजूंनी लोकांचे डबे ठासलेले. हुसेनमियाँनी डबे काढून बघितले, परत घातले. मग स्टूल बाहेर काढून माझ्या हुकाला एकटंच लावलं. तीन किलो दोनशे.

"हे राहू दे," ते म्हणाले. "फोटो हायत ना?"

"अब्बा, नहीं." नूरैन घरात नेहमी हिंदीतच उत्तर द्यायची. "उनको हाथ में लेके देखना होता है. बैठके देखना होता है."

"फोटो चालतील असं त्यांनीच लिवलंय गो. हातात धरून विमानात घेणार नायत. आणि जादा वजन भरून लाकूड न्यायचं?"

"तो वो डिब्बे निकालो ना!"

"ते लोकांचे हायत."

"और ये मेरा है."

हुसेनमियाँ डबे नीट दाबून बसवायला लागले. अख्तरी दोघांच्या मधे उभी होती. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि स्टूल उचलून दाराशी ठेवलं. बॅगेची चेन लागली. माझा आकडा बरोबर आला. इतका बरोबर आकडा दाखवून मला कधीच इतकं वाईट वाटलं नव्हतं.

परतीच्या सामानासाठी मलाही बरोबर नेतात. मी नूरैनच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो. पहिले दोन दिवस भाड्याच्या गाडीतून गावोगाव डबे पोचवण्यात गेले. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी "पोरगी केवढी झाली!" नूरैन हसायची तेवढ्यापुरती. मग घाट चढून आम्ही कॉलेजच्या शहरात आलो.

तिथे हुसेनमियाँ जे करायला लागले ते पाहून मला हसू येत होतं आणि भरूनही येत होतं. हॉस्टेलच्या दाराची कडी त्यांनी आतून लावून पाहिली, बाहेरून ढकलून पाहिली. नळ सोडले. गच्चीच्या टाकीचं झाकण आहे का विचारलं. रखवालदाराला त्याचं गाव विचारलं. अख्तरीने मेसमध्ये जाऊन डाळीचा वास घेतला आणि स्वयंपाकीण बाईंशी गप्पा मारून आली. दोघांनी मिळून त्या मुलीला तिथे ठेवूनसुद्धा टाकलं होतं, मनातल्या मनात. खिडकीजवळची कॉट कोणती घ्यायची तेही ठरलं.

मुलाखतीच्या खोलीत नूरैन एकटी गेली. मी पिशवीत, तिच्या पायाशी. टेबलामागे तिघं होती. आधीच्या मुलांच्या वस्तू कडेला मांडलेल्या. नूरैनने मोबाइलवर फोटो दाखवले. एका बाईंनी फोटो मोठा केला, लहान केला.

"वजन किती याचं?" त्यांनी विचारलं.

"तीन किलो दोनशे."

"अरे वा, अगदी तोंडपाठ! मग आणलं का नाहीस?"

"बॅगेत जागा नव्हती."

"कोणासाठी बनवलंस?"

"अब्बांसाठी. ते उभ्याने बूट घालतात. त्यांची कंबर दुखते."

"ते बसले यावर? काय म्हणाले?"

"अजून नाही बसले."

बाईंनी मोबाइल परत दिला. त्या वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "बसून पाहिल्याशिवाय यातलं काय सांगणार मी तुला?" बाहेर आल्यावर हुसेनमियाँनी विचारलं, "कसा झाला?" नूरैन म्हणाली, "ठीक."

निकाल जुबैलला परत आल्यावर लागला. नाव नव्हतं. नूरैनने स्वतःच्या खोलीचं दार लावून घेतलं. अख्तरी स्वयंपाकघरात नळ सोडून रडत होती, म्हणजे कोणाला ऐकू जाऊ नये. हुसेनमियाँ हॉलमध्ये बसून होते. कॉलेजला फोन करू का, असं त्यांनी दोनदा विचारलं. बागेतल्या पालकांनी विचारायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी बागेत जाणंच सोडलं. नूरैनने दुसरीकडे प्रवेश घ्यायला नकार दिला. पुन्हा तिथेच भरणार म्हणाली. वर्ष फुकट जाणार म्हणून नातेवाइकांचे फोन आले. बाप आणि लेक जेवायला एका दस्तरखानावर बसायचे आणि मीठ हवं असलं तरी अख्तरीकडे मागायचे.

स्टूल दाराशीच होतं, माझ्या खाली. एका सकाळी हुसेनमियाँची कंबर धरली. बसचा हॉर्न वाजला, हातात बूट, आणि ते काही विचार न करता टेकले. टेकले ते तसेच राहिले. पाय बरोबर जमिनीला लागले होते. वाकावं लागलं नाही. त्यांनी एक बूट घातला आणि दुसरा हातातच धरला.

अख्तरी मागे उभी होती. म्हणाली, "तुमच्याच मापाचा हाय तो. तुम्ही झोपले व्हते तवा पाय मोजले तिनं."

"मला का नाय सांगितलंव?"

"तुम्ही बसलात कधी? मुलाखतीत बी तिला हेच इचारलं व्हतं."

खाली हॉर्न वाजत राहिला. त्या दिवशी त्यांची बस चुकली. पुढे रोज ते स्टुलावर बसून बूट घालायचे आणि उठताना त्याच्या काथ्यावरून हात फिरवायचे. लेकीशी मात्र त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. काही माणसांना माफी मागायला जमत नाही. मला त्यांचा राग यायचा.

यंदा पुन्हा बोलावणं आलंय. उद्या विमान आहे. माझं आता वय झालं, पट्टा दशा निघालेला, काच पुसट. आज संध्याकाळी हुसेनमियाँनी मला खुंटीवरून काढलं, तेव्हा बॅग रिकामी होती. त्यांनी स्टूल उचललं, ओल्या फडक्याने पुसलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि सगळ्यांत आधी बॅगेत ठेवलं. नूरैन दारात उभी राहून पाहत होती. मग त्याच्याभोवती तिचे कपडे, तिची हत्यारं, अख्तरीने दिलेला खाऊ.

बेल वाजली. हुसेनमियाँनी मला हातात घेऊनच दार उघडलं.

विजयकुमार साहेब होते. हातात एक पुडकं. "हुसेनभाई, आईच्या गुडघ्याचे पट्टे आहेत. तिकडे मिळणारे तिला टोचतात. मुंबईत भाऊ येईल न्यायला, तुम्हाला काही त्रास नाही."

मी हुसेनमियाँच्या मुठीत होतो. त्यांनी एकदा मागे वळून बॅगेकडे पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "यंदा जागा नाय."

विजयकुमारांना ते आधी कळलंच नाही. ते हसले. मग त्यांना कळलं. "बरं, बरं. बघतो मी दुसरं कोणी," असं म्हणून ते वळले आणि जिना चढायला लागले. कानाच्या मशीनचा विषय त्यांनी काढला नाही. काढला असता तर हुसेनमियाँना सोपं गेलं असतं.

दार लागलं. हुसेनमियाँनी बॅग माझ्या हुकाला लावून उचलली. माझे आकडे वर जात होते, खाली येत होते, एकावरही थांबेनात. त्यांनी बॅग खाली ठेवली, परत उचलली. तेच झालं. डोळे भरल्यामुळे त्यांना काच दिसतही नसावी.

नूरैन पुढे आली. तिने त्यांच्या मुठीवर मूठ ठेवून दांडा धरला. कितीतरी महिन्यांनी दोघं एकमेकांच्या इतक्या जवळ उभे होते. हळूहळू मी थांबलो.

"ठीक है, अब्बा," ती म्हणाली. "सब आ गया."

"हे बघ," ते म्हणाले, "या वेळी त्यांना म्हणावं, अब्बा बसले. रोज बसतात. कंबर दुखत नाय."

मी पुन्हा खुंटीवर आहे. या वेळी मला नेणार नाहीत, येताना आणायचं असं काही नाही म्हणाले. तिला घेतील की नाही, मला माहीत नाही. वर विजयकुमारांच्या घरात पुडकं तसंच पडलं असेल, तेही माझ्या मनातून जात नाही. तुम्ही कधी लेकराची बॅग भरायला बसलात, तर त्याचं सामान आधी ठेवा, एवढंच माझं मागणं. सकाळी कंपनीची बस येईल तेव्हा माझ्याखालची जागा रिकामी असेल. पण हुसेनमियाँ उद्या त्या बसने जाणार नाहीत, ते लेकीबरोबर विमानतळावर निघतील, आणि बूट इथेच, माझ्यासमोर, उभ्याने घालतील.