पांढरा झरा

आई जाऊन पंधरा दिवस झाले होते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी आतषबाजीचा आराखडा शुक्रवारी पाठवायचा होता, म्हणून ताई कॉम्प्युटरसमोर बसली. संगीताच्या ठेक्याच्या तीन सेकंद आधी गोळा सुटला, तरच तो ठेक्यावर फुटतो. हे गणित तिचे हात आपोआप करत होते.

संगीतातला शांत तुकडा आला, तसा धाकटा भाऊ म्हणाला, "इथे आईला आवडायचा तो ठिणग्यांचा पांढरा झरा टाकूया?"

"टाक."

"ताई, एकदा रडून घे गं."

"येतच नाही रे रडू," ती म्हणाली आणि पुढचा ठेका शोधू लागली.

स्पर्धेत त्यांचा दुसरा नंबर आला. भाऊ तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. तिने त्याची पाठ थोपटली आणि रिकामी नळकांडी गाडीत भरायला माणसांना हाक मारली.