घरचा आहेर

सासऱ्यांनी अंगठा एंटरच्या कळीवर टेकवला आणि तसाच दाबून धरला. पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट होती. ते तिच्याकडे मोठ्या सबुरीने पाहत होते, जणू आतून कुणीतरी चपला शोधत दाराशी येतंय.

सून कॉफीचे दोन कप घेऊन आत आली. नवं अपडेट कसं वाटतंय, असं तिने विचारलं.

"थांब जरा. आज वेळ घेतंय," ते म्हणाले. अंगठा उचलला नाही.

तिने एक कप टेबलावर ठेवला आणि दुसरा त्यांच्या चष्म्याच्या घरावर.

तिच्या कंपनीत एक नवी ऑपरेटिंग सिस्टम तयार होत होती. बाजारात यायला अवकाश होता. तोवर ठिकठिकाणचे हौशी लोक ती आपापल्या कॉम्प्युटरवर चालवून चुका काढत बसत. अर्धवट बांधलेल्या घरात हौसेने राहायला जावं आणि छप्पर गळलं की आनंदाने फोन करावा, तसला प्रकार. सुनेकडे त्या घराची दारं-खिडक्या होत्या. कुठे भोक सापडलं की ते बुजवायचं आणि सगळ्यांना सुरक्षा अपडेट पाठवायचं.

पाठवण्याआधी मात्र ते टीममधल्या कुणाच्या तरी घरी, यातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाच्या कॉम्प्युटरवर चढवायचं, आणि त्याचा होकार आल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, असा नियम होता. ऑफिसात त्याला ‘घरचा आहेर’ म्हणत. टीमप्रमुखाचा मेहुणा प्रत्येक अपडेटला ‘एकदम झकास’ म्हणायचा. त्याने कॉम्प्युटर केव्हाच विकून टाकलाय, हे पुढे एका लग्नात कळलं. तेव्हापासून सगळी भिस्त सुनेच्या सासऱ्यांवर. ते वजनमापं निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. भल्याभल्या दुकानदारांना त्यांनी घाम फोडला होता. एकदा सख्ख्या साडूचा तराजू जप्त केला आणि मग त्याच्याकडेच पोटभर जेवून आले. घड्याळ डुलक्या घेतं, अक्षरं खांदे पाडून उभी राहतात, अशा त्यांच्या तक्रारी असत, आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या निघत.

या खेपेचं भोक मात्र कुणा परक्याने कळवलं होतं. पासवर्ड न लिहिता एंटर बराच वेळ दाबून धरला, की पडदा कंटाळतो आणि आत सोडतो. टीमप्रमुख म्हणाला, आमच्या इमारतीचा रखवालदार अगदी असाच आहे. सगळे हसले, तीही हसली. मग तिने बसून ते बुजवलं आणि आज सकाळी सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर चढवलं. एवढं भगदाड यांच्या नजरेतून सुटलं कसं, हे तेवढं तिला खटकलं होतं.

आता त्यांच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं.

"बाबा, आधी पासवर्ड लिहायचा. मग एंटर."

"माहीत आहे मला."

पलीकडच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, अहो, तुमचं आटपलं का, मला लेकीशी बोलायचंय त्यावर. आटपतच आलंय, असं ते म्हणाले. सुनेचा फोन थरथरला. आहेर आला का, असं टीमप्रमुख विचारत होता. त्या परक्याने आपली करामत जाहीर मांडली होती आणि आता कुणीही कुणाच्याही कॉम्प्युटरमध्ये शिरू शकत होतं. तिने फोन पालथा घातला. मग खुर्ची ओढून ती त्यांच्या शेजारी बसली आणि आवाज खाली आणला.

"अपडेटच बिघडलेलं दिसतंय. काढून टाकते. कालचं होतं तेच ठेवू."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. दुकानदार ‘वजन कालच तपासून आणलंय साहेब’ म्हणाला की ते बहुधा असंच पाहत असावेत.

"यात काय बुजवलंयस तू?"

तिने सांगितलं. नजर कीबोर्डवर ठेवून, थोडक्यात सांगितलं. ते ऐकत असताना अंगठा हळूहळू कळीवरून उठला.

"म्हणजे ज्याला पासवर्ड माहीत नाही, त्याला आत घ्यायचं नाही."

"हो."

"आणि हे मला घेत नाहीये."

तिने कीबोर्डवरून नजर उचलली.

"मग बरोबर चाललंय. पाठव."

"बाबा, आजचा दिवस राहू दे. मी काहीतरी सांगते ऑफिसात."

"घरचा माणूस आला म्हणून काटा सैल सोडायचा? लोकांची दारं उघडी आहेत तिकडे. पाठव."

तिने फोन सुलटा केला आणि घरून होकार आहे, असं कळवलं. ते मान वाकवून शेवटचं अक्षर उमटेपर्यंत पाहत राहिले. टीमप्रमुखाने लगेच हात जोडल्याचं चित्र पाठवलं. सुनेने ते बोटाने बाजूला सारलं.

"नवीन पासवर्ड ठेवू आपण. सोपासा," ती म्हणाली. "सहज आठवेल असा."

"तोही सोपाच होता," ते म्हणाले. "हिचं माहेरचं आडनाव."

पलीकडे सासूबाई कपाटाचं दार लावत होत्या. ते लागत नव्हतं. तो आवाज थांबला तसे ते सुनेकडे झुकले.

"तिला कसं विचारणार?" ते म्हणाले. मग कॉफीचा एक घोट घेऊन त्यांनी कप दुसऱ्या कपाशी सरळ रेषेत ठेवला. "पासवर्ड नंतर बघू. आधी डॉक्टर शोध. डोक्याचा."

"आपल्या ओळखीचे आहेत एक. फार चांगले आहेत, धीर देतात—"

"ओळखीचा नको," ते म्हणाले. "कडक बघ."