डब्यावरचं नाव

टण्ण.

जेवणं उरकलेली, घर पंख्याखाली निजलेलं, आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर एक वाटी पडली. आईने तोंडावर बोट ठेवलं. तीन वर्षांच्या समृद्धीनेही ठेवलं. आतल्या खोलीत आजोबा कुशीवर वळले, खोकले आणि पुन्हा घोरायला लागले. मग दोघी आवाज न करता हसल्या.

मित्रांनो, ती वाटी माझी. मी मिसळणाचा डबा. पोटात छोट्या छोट्या वाट्या आणि त्यांत मोहरी, जिरं, हळद, तिखट. आता मी जुना झालो. झाकणाला पोचा आलाय, बुडाला चरे पडलेत. पण झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव अजून जसंच्या तसं आहे. त्या नावानेच माझं सगळं आयुष्य घडवलं आणि बिघडवलं.

कारखान्यात पत्र्यापासून मी कसा झालो, ते मला फारसं आठवत नाही. यंत्राचा एक दणका, मग पॉलिश, एवढंच. माझा खरा जन्म ठाकुर्लीच्या भांड्यांच्या दुकानात झाला. एका आईने मुलीच्या लग्नासाठी मला निवडलं. दुकानदाराने विचारलं, नाव काय घालायचं? आईने आधी वडिलांचं आडनाव सांगितलं, मग थांबली. म्हणाली, आडनाव नको, ते बदलेल. नुसतं ‘भावना’ घाला, ते काही बदलायचं नाही.

मशीन टर्रर्र करत माझ्यावरून फिरलं. दुखलं, पण मी ऐटीत होतो. भावना शेजारीच उभी होती. ठाकुर्लीतल्या बालवाडीत ती शिकवायची. तिने ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “आई, हे डोळे मिटूनही वाचता येतं गं.”

लग्न कोपरीत झालं. मी रुखवतात मांडलेला होतो, म्हणून सगळं पाहिलं. ताटात तांदूळ पसरले होते. नवरदेवाने, दिपेशने, अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहिलं, दीपा. दिपेशला शोभणारं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भावनानेही वाजवल्या, कारण तिच्याकडेच सगळे बघत होते. पुढे एकदा ती सासूबाईंजवळ या नावाबद्दल काहीतरी बोलली. शकूबाईंनी भाकरी थापता थापता उत्तर दिलं, “माजा बी बदलला गो. मना काय झाला?” त्यांचं आधीचं नाव काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

सुरुवातीची वर्षं माझी चांगली गेली. माझ्यातली हळद कधी सादळली नाही, मोहरीत कधी जिरं मिसळलं नाही. शकूबाई पाहुण्यांना माझं झाकण उघडून दाखवायच्या. मग घरात मोठा, काचेच्या झाकणाचा डबा आला आणि मी मागच्या फळीवर गेलो. आमच्या जातीचं कौतुक असंच असतं, मित्रांनो. नवीन येईपर्यंत.

मला खाली काढलं समृद्धीने. म्हणजे तिच्या रडण्याने. पोर रडली की जो तो तिच्या हातात मोबाईल द्यायचा. पोर गप्प, घर गप्प. भावनाला ती शांतता खुपायची. एके दुपारी तिने मला घासूनपुसून फरशीवर ठेवलं आणि म्हणाली, “चल, आपली शाळा.”

काय शाळा होती ती! या वाटीत राजमा, त्या वाटीत चवळी, तिसरीत वाल. लाल इकडे, पांढरे तिकडे. पोर दाणा नाकात घालेल म्हणून आई तिथून हलायची नाही. कडधान्यं भरून ठेवली की वाट्यांचा मनोरा व्हायचा आणि पडायचा. रिकामी वाटी टण्ण वाजायची, भरलेली ठप्प. का गं, असं आईने विचारलं की समृद्धी वाटीला कान लावून बसायची. शेवटी आई तिचं बोट धरून माझ्या ठिपक्यांवरून फिरवायची. भ. ‘भ’ला काना ‘भा’. पण पूर्ण नाव ती कधी वाचून दाखवायची नाही. माझं नाव पडलं ‘टणडबा’. घर उठायच्या आत शाळा सुटायची. दिवसातला तेवढाच वेळ भावना पुन्हा बाई व्हायची.

मग धाकट्या दिराची हळद आली. कोपरीतली हळद म्हणजे अख्खी आळी जेवायला. आजूबाजूच्या घरांतली भांडी गोळा झाली, त्यांत मीही गेलो, मीठ भरून. दुसऱ्या दिवशी गच्चीवर घासलेल्या भांड्यांचे ढीग लागले. ज्याची भांडी त्याच्या घरी जायची होती. दिपेश एकेक भांडं उचलून नाव वाचत होता, भावना पुसून ठेवत होती.

त्याने मला उचललं.

“भावना,” त्याने वाचलं. मग मला उलटंपालटं केलं. “ही भावना कोण?”

भावनाचा हात पुसता पुसता थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो आठवेल, आत्ता हसेल, म्हणून वाट बघत होती. मला कळत होतं.

“आपल्यात भावना कोनी नाय,” शकूबाई म्हणाल्या. “जागृतीकरचा आसंल. तिकरं ठेव.”

त्याने मला तिकडे ठेवलं. भावनाने पुढचं ताट पुसायला घेतलं.

शेजारच्या जागृतीच्या कपाटात मी अंधारात पडून राहिलो. भिंतीपलीकडून समृद्धीचं रडणं ऐकू यायचं, “माझा टणडबा!” दिपेशने तिला इंग्रजी गाणी म्हणणारं, दिवे लागणारं खेळणं आणलं. ते एकटंच बोलायचं. मग रडणं थांबलं आणि मोबाईलचा आवाज यायला लागला. घरात पुन्हा सगळे खूश.

शेवटी भावना मुलीला कडेवर घेऊन जागृतीच्या दारात आली. म्हणाली, माझा एक डबा इकडे आलाय. जागृतीने मला बाहेर काढलं, झाकण वाचलं आणि हसली. “अगं, यावर तर भावना आहे. तू दीपा ना?”

एवढंच सांगायचं होतं, मित्रांनो. ‘ती भावना मीच.’ मी माझे सगळे ठिपके ताठ करून वाट पाहिली.

“माझ्या बहिणीचा आहे,” ती म्हणाली.

भावनाला बहीण नाही.

भांड्यावरचं नाव घासून जात नाही, मित्रांनो. ते माणसावरूनच पुसलं जातं आणि पुसणाऱ्याला कळतही नाही. तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं भांडं असेल, तर त्याला भंगारात देण्याआधी त्यावरचं नाव मोठ्याने वाचा. घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा.

आज पुन्हा शाळा भरली. वाटी पडली, आजोबा कुशीवर वळले, दोघी हसल्या. आता समृद्धीने चवळीचे दाणे बाजूला सारलेत आणि एकटीच माझ्या झाकणावरून बोट फिरवते आहे. या ठिपक्यावरून त्या ठिपक्यावर, सावकाश, शेवटपर्यंत.

“आई,” ती हळूच विचारते, आजोबा उठू नयेत म्हणून, “भावनामावशी आपल्याकडे कधी येणार?”