फॅनोच्या खिडकीतला डावा कुत्रा

मी डावा कुत्रा बोलतोय. चिनीमातीचा. मला भुंकता येत नाही, शेपूट हलवता येत नाही, पण एकदा बोलायला लागलो की थांबत नाही, तेव्हा जरा सवड काढूनच बसा. शेजारी बसलाय तो उजवा. साचा एक, भट्टी एक, पण दीडशे वर्षांत हा माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही. लोक आम्हाला जोडी म्हणतात. असतात अशाही जोड्या.

जन्म माझा इंग्लंडचा. साच्याच्या दोन भागांत ओली माती दाबायची, दोन्ही अर्धी एकमेकांना चिकटवायची, भाजायची, झाला कुत्रा. पोटात काही नाही, पोकळ. मग एका पोरीने माझे कान तांबूस रंगवले, गळ्यात सोनेरी साखळी काढली, आणि भुवया काढताना तिला बहुतेक शिंक आली. माझी एक भुवई जरा वरच गेलीये. त्यामुळे मी कायम "काय सांगता?" असं विचारत असल्यासारखा दिसतो. उजव्याच्या भुवया अगदी सरळ. म्हणूनच तो एवढा कंटाळवाणा.

डेन्मार्कच्या फॅनो बेटावरच्या एका खलाशाने बंदरावरच्या दुकानात आम्हाला पाहिलं. बायकोला काहीतरी न्यायलाच हवं होतं, नाहीतर घरात घेतलं नसतं तिने त्याला. त्याने आम्हाला लोकरीच्या मोज्यांत कोंबलं आणि आम्ही आलो. म्हणजे मी जग पाहिलंय ते एका मोज्यातून. त्या वासाबद्दल नको बोलायला.

तेव्हापासून ह्याच घरात, ह्याच खिडकीत. गवताने शाकारलेलं बसकं घर, दार इतकं ठेंगणं की उंच माणसाने वाकायचं नाहीतर कपाळ फोडून घ्यायचं. आणि आमचं काम ठरलेलं. घरधनी समुद्रावर गेला की बायको आमची तोंडं बाहेर करायची, रस्त्याकडे. तो परत आला की आत. बस्स. रस्त्याने जाणाऱ्याने एक नजर टाकली की त्याला कळायचं, ह्या घरचा माणूस घरी आहे की नाही. कुणी कुणाला विचारायचं नाही.

ह्या नोकरीत मी किती प्रकार पाहिले म्हणून सांगू. नवरा आला की पहिला आठवडा नुसतं गोडाधोडाचं राज्य. दुसऱ्या आठवड्यात "हे बूट इथे कुणी ठेवले?" आणि तिसऱ्यात बायको आमच्याकडे बघून हळूच म्हणणार, "आता ह्यांना बाहेर वळवायची वेळ झाली वाटतं." आणि तो निघाला की तीच आम्हाला वळवताना इतका वेळ लावणार, की जसं काही आम्ही दगडाचे आहोत आणि हलत नाही. एक तर अशी होती, तिने आम्हाला पुन्हा आत वळवलंच नाही. तो आलाच नाही ना. ती म्हातारी होऊन गेली, सून आली, तिने पहिल्यांदा आमची धूळ पुसून आम्हाला आत वळवलं, तेव्हा कुठे मला कळलं की घराच्या भिंतींना निळा रंग दिलाय.

तर आता सोरीनाबद्दल सांगतो. सध्या हे घर तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, लॉरिट्सचं. लॉरिट्स मालवाहू जहाजावर कप्तान होता. तो रिटायर झाला आणि आम्हीही रिटायर झालो. वर्षानुवर्षं तोंडं आत. दोघांचं जेवण बघायचं, पत्त्यांमधली लबाडी बघायची (लबाडी सोरीनाची), आणि रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्यांना लॉरिट्स ज्या शिव्या द्यायचा त्या ऐकायच्या.

एका सकाळी लॉरिट्सच्या हातातून कप पडला. मग तोही पडला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. अँब्युलन्स आली, फेरीबोटीवर चढली आणि पलीकडे एस्बिअरच्या हॉस्पिटलात गेली.

त्या संध्याकाळी सोरीना खिडकीपाशी आली आणि तिने आम्हाला बाहेर वळवलं. तिची मुलगी बिर्टे लांबच्या ऑर्हुस शहरातून धावत आली होती. ती म्हणाली, "आई, बाबा समुद्रावर नाही गेलेत गं. हॉस्पिटलात आहेत."

"पाणी ओलांडून गेलाय ना?"

"हो, पण..."

"मग ते बाहेर बघणार."

बिर्टेने कोट काढला आणि फोन हातात घेतला. पोरगी वाईट नाही हो. उलट सगळं तीच बघत होती. फोन, डॉक्टर, कागदपत्रं. महिने गेले तसं तिने ठरवलं, बाबांना ऑर्हुसमध्ये आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात ठेवायचं, आईला तिथेच एक फ्लॅट बघायचा आणि हे घर विकायचं. सोरीना हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. ती रोज बस पकडायची, मग फेरी, दिवसभर लॉरिट्सजवळ बसायची, संध्याकाळी परत. यायची ती आमच्याकडे न बघताच आत जायची.

मग एके दिवशी, सोरीना हॉस्पिटलात गेलेली असताना, बिर्टेने जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला बोलावलं. हॅगेलुंड नाव त्याचं. रीबे गावात दुकान. माणूस सभ्य, बोटं मऊ. मला उलटा केला, पोटाखालच्या भोकात बघितलं, नखाने टिचकी मारून कान लावला. एवढी चौकशी तर माझ्या जन्मदात्यांनीही केली नव्हती.

"तडा नाही," तो स्वतःशीच म्हणाला. "आणि जोडी आहे. जोडी मिळत नाही हल्ली. कुणीतरी एक फोडतोच."

तेवढ्यात बिर्टेने वरच्या खोलीतलं घड्याळ बघायला हाक मारली. जाता जाता त्याने आम्हाला खिडकीत परत ठेवलं. तोंडं आत. दुकानदार माणूस, त्याला वाटलं एवढे सुंदर चेहरे पाठमोरे काय ठेवायचे.

माझ्या पोटात गोळा आला असता, पण पोट पोकळ. मी उजव्याला म्हटलं, "अरे, काहीतरी कर." तो नेहमीसारखा गप्प.

आणि पाठीमागे, रस्त्यावर, सायकलचा ब्रेक वाजला. पेट्रेया. शेजारीण. ती थांबली, बघितलं, पुन्हा बघितलं, आणि गर्रकन सायकल वळवून गेली. थोड्या वेळाने समोरच्या निसच्या अंगणात काठीवर झेंडा चढल्याचं समोरच्या भिंतीवरच्या सावलीतून कळलं मला; कुणी घरी परत आलं की इथे झेंडा चढवतात. निस लॉरिट्सबरोबर शाळेत होता. मग दार उघडलं आणि माणसं यायला लागली. क्रीमचा केक, कॉफीचे थर्मास, निसच्या काखेत दारूची बाटली. ह्या गावात दार वाजवत नाहीत.

बिर्टे आणि हॅगेलुंड जिन्यावरून खाली आले तो खोली भरलेली.

"कुठेय तो?" निस म्हणाला. "झोपलाय का? झोपू दे. आम्ही आवाज नाही करत." हे तो इतक्या मोठ्याने म्हणाला की कपबशा हलल्या.

बिर्टेने तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर बस थांबली. सोरीना आत आली, वाकून, कोट अंगात. आणि खोलीतल्या प्रत्येकाने तिच्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

पेट्रेयाने केकवरची सुरी हळूच खाली ठेवली.

सोरीनाने झेंडा येतानाच पाहिला असणार. तिने आमच्याकडे बघितलं. "कुत्रे कुणी फिरवले?"

"मी ठेवले ते," हॅगेलुंड म्हणाला. "चेहरे इतके देखणे आहेत त्यांचे, म्हटलं—"

"अहो, ते काय शोभेचे आहेत का?" पेट्रेया म्हणाली. "ते सांगतात."

बिचाऱ्याचा चेहरा उतरला. पुन्हा पुन्हा माफी मागून तो टोपी घेऊन निघाला, आणि घाईत दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलंच.

सोरीना खिडकीपाशी आली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, वळवायला. हात गार होता. तो तसाच राहिला. मग ती आमच्याकडेच बघत बोलायला लागली.

"तिथे त्याची खुर्ची खिडकीशी ठेवतात. खिडकीतून समुद्र दिसतो. चांगल्या आहेत नर्सा, त्यांना वाटतं कप्तान आहे, बरं वाटेल. तो रोज खुणा करून खुर्ची उलटी फिरवायला लावतो. आज मी विचारलं, का रे, समुद्र नको का तुला? तर त्याने डाव्या हाताने दाराकडे दाखवलं. त्याला दाराकडे तोंड करून बसायचं असतं."

"आई," बिर्टे म्हणाली. "मला कळत नाही असं वाटतं का तुला? पण त्यांना उचलणार कोण? सकाळी, दुपारी, रात्री? तुला स्वतःला नीट दिसत नाही आता."

"मी उचलीन," निस म्हणाला.

"तुला बटाट्याची पिशवी उचलत नाही," पेट्रेया म्हणाली.

"बटाटे मला आवडत नाहीत."

कुणीतरी हसलं. मग निस गंभीर झाला. त्याने बाटली टेबलावर ठेवली. "हे बघ बिर्टे. ह्या गावात खिडकीतले कुत्रे कधी खोटं बोललेले नाहीत. वादळात नाही, लढाईत नाही. आता ते म्हणतायत लॉरिट्स घरी आहे. तर आता एकतर सोरीनाने ते फिरवावेत आणि आम्ही केक घेऊन घरी जावं, नाहीतर आपण ते खरं करावं."

"सकाळचं मी बघते," पेट्रेया म्हणाली. "माझा मुलगा सुतार आहे, दार रुंद करील. कपाळं तरी वाचतील."

"संध्याकाळी मी. पत्तेही खेळीन. आता तरी मला जिंकता येईल त्याच्याशी," निस म्हणाला.

बिर्टे खाली बसली. तिने सुरी उचलली आणि केक कापायला घेतला, कारण ह्या लोकांना रडू आलं की हाताला काहीतरी काम लागतं. "एक हिवाळा," ती केककडे बघत म्हणाली. "एक हिवाळा बघू. जमलं नाही तर माझं ऐकायचं."

सोरीनाने माझ्या डोक्यावरचा हात काढून घेतला. मी होतो तसाच राहिलो, आत बघत.

तो हिवाळा संपला. जमलं. सोपं नव्हतं, उगाच गोड करून सांगत नाही. लॉरिट्स चिडायचा, चमचा फेकायचा. सोरीना एकदा न्हाणीघरात जाऊन रडली, नळ सोडून, पण मला ऐकू येतं. निस दोनदा पाठ धरून घरी गेला. पण लॉरिट्सची खुर्ची आता आमच्यासमोर असते आणि तो दिवसभर आमच्याकडे बघतो. माझ्या वर गेलेल्या भुवईकडे जास्त.

आणि आता खरी गोष्ट, ज्यासाठी मी तुम्हाला थांबवलं.

वसंतात सोरीनाचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. एस्बिअरला, एक रात्र राहायचं. लग्नानंतर पहिल्यांदा ती पाणी ओलांडून रात्रभर बाहेर राहणार होती आणि तो घरात. ती सूचनांवर सूचना देऊन गेली. पेट्रेया आली, निस आला, सगळं नीट. दुसऱ्या दिवशी दुपारी निस झोपून घोरायला लागला, आणि लॉरिट्सने डाव्या पायाने खुर्ची पुढे रेटायला सुरुवात केली. इंचाइंचाने. घाम आला त्याला. मला वाटलं पाणी हवंय, औषध हवंय, मी काय करणार होतो?

त्याचा डावा हात माझ्यापर्यंत पोचला. बोटं माझ्या मानेवरून एकदा घसरली. मला वाटलं झालं, संपलं, आता जोडी फुटणार. त्याने मला धरलं आणि फिरवलं. बाहेर.

उजव्यापर्यंत त्याचा हात जाईना. तो राहिला तसाच.

आता विचार करा. ह्या घरात मी किती बायकांना वाट बघताना पाहिलं. त्या आत आणि मी बाहेर बघत त्यांच्या नवऱ्यांसाठी. बाईसाठी मला कधीच कुणी बाहेर वळवलं नव्हतं. ह्या बेटावर असं झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मी रस्त्याकडे बघत बसलो आणि मागे तो बसला, त्याचा श्वास काचेवर येत होता.

चारची बस आली. सोरीना उतरली, डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याने मिचमिच करत. कोपऱ्यावरून वळली आणि थांबली. एक कुत्रा आत, एक बाहेर. पेट्रेया मागून आली, "अगं, हे काय? अर्धा आहे का घरी?" म्हणून.

सोरीना हसली नाही. ती चालत आली, अगदी काचेजवळ, नाक टेकेल इतकी. तिने आयुष्यभर माझी पाठ पाहिली होती नाहीतर आतून माझं तोंड. असं बाहेरून, कुणीतरी आपली वाट बघत असताना, तिने मला कधी पाहिलंच नव्हतं. आणि माझ्यामागे तिला तो दिसला.

ती आत आली, कोट न काढता खिडकीशी गेली आणि मला आत वळवलं. "आले मी," ती त्याला म्हणाली. त्याने डाव्या हाताने तिचा हात धरला, आणि मी बघायचं नव्हतं तरी बघितलं, कारण मला डोळे मिटता येत नाहीत.

तेव्हापासून हे चालूच आहे. ती दुकानात जरी गेली तरी तो मला फिरवतो. ब्रेडसाठी गेली तरी. दिवसातून किती वेळा ते विचारू नका. माझ्या साखळीचं सोनं त्याच्या अंगठ्याने झिजलंय, कानाचा रंग गेलाय. हॅगेलुंडने आता मला पाहिलं तर मान हलवील आणि म्हणेल, अरेरे, किंमत उतरली. उतरू दे.

तुम्ही जुन्या वस्तू जमवणारे असाल, तर एकच सांगतो. कधी आमच्यातला एखादा तुमच्याकडे आला, तर त्याला कपाटात काचेमागे नक्की ठेवा, दिवा लावा, मित्रांना दाखवा, आमची हरकत नाही. फक्त ठेवण्याआधी घरात एकदा बघा, सगळे आलेत का. कुणी बाहेर असलं तर कुत्र्याचं तोंड दाराकडे करा. बाकी तो बघून घेईल.

बरं, आता पुरे. कोपऱ्यावर ती दिसतेय, हातात ब्रेडची पिशवी आहे, आणि आज वाटेत पेट्रेयाशी बोलत थांबलेली नाही. मला कामाला लागायला हवं.